पाणी घुसळणारे खलील मास्तर

तांब्यातलं पाणी मी प्यालो तेव्हा मला तहान लागली होती, याहून दुसरा कसलाही हेतू माझ्या मनात नव्हता. चैत्रातली दुपार. जालन्याच्या शाळेत सहावीच्या वर्गाला समास शिकवून मी बाहेर पडलो, तर घशात समासाचे सगळे प्रकार अडकलेले. खलील मास्तरांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते स्वतः दुपारच्या नमाजला गेले होते. टेबलावर ताटलीनं झाकलेला तांब्या होता. मी ताटली काढली आणि उभ्या उभ्या सगळा तांब्या रिकामा केला.

तांब्या खाली ठेवताना त्याच्या बुडाला चिकटलेली चिठ्ठी दिसली. उर्दूत लिहिलेली. ‘पिऊ नये. तजुर्बा चालू आहे.’ तजुर्बा म्हणजे प्रयोग.

शहाण्या माणसानं तिथंच बसून मास्तरांची वाट पाहिली असती. मी विहिरीकडं पळालो. पोहरा सोडला, पाणी ओढलं, होता तेवढा तांब्या भरून आणला, वर ताटली ठेवली आणि चिठ्ठी होती तशी बुडाला चिकटवली. माझ्या हिशोबानं पाणी म्हणजे पाणी. त्या वेळी मला एवढंच विज्ञान येत होतं.

तेवढ्यात मास्तर आलेच. “दामू भाई! बरे आलात. जरा डोकं द्या.”

डोकं देण्याचं सांगितल्याशिवाय मास्तर तुम्हाला कळणार नाहीत. निजामाच्या राज्यात, आमच्या त्या उर्दू शाळेत खलील मास्तर सायन्स शिकवायचे आणि मी मराठी. ते हैदराबादेहून मोठी परीक्षा देऊन आले होते. उंच, किडकिडीत, शेरवानीची वरची गुंडी कायम तुटलेली, आणि तिशीतच डोक्याचा तवा झालेला. आता त्यांच्या सगळ्या प्रयोगांना सुरुवातीला विजेचा एक कण लागायचा आणि तो काळा कंगवा कोरड्या केसांत खसाखसा फिरवूनच मिळायचा. म्हणून ते उसनी डोकी मागत फिरायचे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा रुमाल वर करून केस चिमटीत धरून बघायचे. तेल असलं की “बेकार!” म्हणून पुढं जायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या बड्या साहेबांकडंही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं होतं. साहेबांची टोपी घट्ट होती, म्हणून निभावलं.

माझं डोकं त्यांना फार पसंत. घरी आमची ही रोज सकाळी माझ्या टाळूवर चांगलं पळीभर तेल थापायची. मास्तरांच्या सांगण्यावरून मी दर गुरुवारी तेल बंद केलं. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “बराबर हाय. आतलं काही उपयोगाला येऊन न्हाई राह्यलं, वरचं तरी येऊ द्या.”

मास्तरांचं यंत्र म्हणजे लोणच्याची एक काचेची बरणी. तिच्या तोंडात गंधकाचं बूच, बुचातून खाली उतरलेली पितळी तार आणि तारेच्या टोकाला सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या. मिठाईवर लावतात तोच वर्ख. घासलेला कंगवा तारेला लावला की ती दोन पानं एकमेकांपासून फाकायची आणि तशीच राहायची. बरणीत नुसती कोरडी हवा असली तर मिटायला तास-दीड तास घ्यायची. मात्र हवेत रेडियमचा अंश असला तर भराभर मिटायची. किती वेळात मिटतात ते मास्तर खिशातल्या घड्याळावर बघायचे. बस्स. जालन्यातलं सगळं रेडियम-शास्त्र त्या एका बरणीत होतं.

आणि मोजायचं काय? तर लोक जे जे पितात ते. मास्तरांचं म्हणणं, रेडियम दगडात असतं, दगडाचा दम पाण्यात येतो, आणि पाणी तर आपण सगळेच पितो. मग कुणी किती पितो हे कुणीतरी बघायला नको? राम राम, सलाम याच्याआधी त्यांच्या तोंडून यायचं, “आज काय प्यालात?” चहा म्हटलं की चहाचा नमुना, उसाचा रस म्हटलं की रसाचा. लग्नातलं गुलाबाचं सरबत, ज्वारीची आंबील, मोसंबीचा रस. एकदा शिंदीसुद्धा आणवली. ती आणून देणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला आला, “मास्तर, आज न्हाई का मोजायची?”

प्रत्येक नमुना ते आधी घुसळायचे. मातीच्या बुटकुल्यात घालून, तोंडाला रबर बांधून, लाकडी रवीनं. पातळातला दम बाहेर पडला की ती हवा कळीच्या चुन्यातून कोरडी करून बरणीत सोडायची. पण बघणाऱ्याला काय दिसायचं? शेरवानी घातलेला एक माणूस भर दुपारी साधं पाणी घुसळत बसलाय. पाण्यातून लोणी काढणारा माणूस आमच्याकडं म्हणीतच असतो. आमच्या शाळेत तो पगारावर होता. गावानं त्यांचं नावच पाणीघुसळे मास्तर ठेवलं. ते त्यांच्या कानावर होतं. म्हणायचे, “ठीक हाय. लोणी निघालं तर त्यांना न्हाई देणार.”

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा हिनं त्यांच्यापुढं आलं-मीठ लावलेलं ताक ठेवलं. त्यांनी ते प्यायलं नाही. पिशवीतून बुटकुलं काढलं, ताक त्यात ओतलं आणि घुसळायला बसले. ही दारात उभी. घुसळलेलं ताक कुणी परत घुसळतंय, हा तिच्या हाताचा उघड अपमान होता.

“माझ्या ताकात काय हाय ते मला इचारा की. लोणी काढलेलं हाय म्या.”

“भाभी, मेरेकू लोणी नक्को. मी रेडियम बघून राह्यलो.”

“ते घातलं न्हाई. पुढच्या बारीला घालते.”

मास्तर इतके हसले की हातातली रवी सुटली. मग गुपचूप दोन पेले ताक प्यायले. तेव्हापासून त्या दोघांचं बरं जमलं.

पण खरं सांगायचं तर दोन वर्षांत पानं कशालाच भराभर मिटली नव्हती. चहाला नाही, ताकाला नाही, सरबताला नाही. मास्तरांच्या वहीत पेयांची नावं वाढत होती आणि समोर उर्दू लिपीत एकच शब्द उतरत होता, ‘निल’. दुसऱ्या कुणी वही फेकून दिली असती. मास्तर म्हणायचे, “मानू नका, मोजा. न्हाई आलं तर ‘न्हाई’ मोजलं म्हणा.”

वर्ख मात्र घरचा होता. मास्तरांचे वडील जालन्यातले नावाजलेले वर्खवाले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं घर आमच्याच गल्लीत. चामड्याच्या पानांच्या वहीत चांदीचे किंवा सोन्याचे बारके तुकडे ठेवायचे आणि वरून तासन् तास हातोडा मारायचा; तुकडा पसरत पसरत असा होतो की श्वास सोडला तर उडेल. त्यांच्या ठोक्यांना एक चाल होती. आमच्या गल्लीतली पोरं त्या चालीवर झोपत आणि त्याच चालीवर उठत. पण त्या वर्षी चाचांचा उजवा हात धरला. बोटं वळेनात, मनगट सुजू लागलं. ठोके आधी विरळ झाले आणि मग बंदच पडले.

त्याच सुमारास मुंबईहून चाचांच्या भाच्यानं रेल्वे पार्सलानं एक भली मोठी बाटली पाठवली. निळी काच, वर उगवता सूर्य, खाली इंग्रजीत ‘रेडियम वॉटर’. त्या काळी त्याचं मोठं वेड होतं. संधिवात जातो, म्हातारपण जातं, गेलेली ताकद परत येते. फक्त मेलेला माणूस उठतो एवढंच त्यावर लिहायचं राहिलं होतं. चाचांनी थोडं पिऊन बघितलं आणि मग लेकाला बोलावलं. औरंगाबादेचा एक वर्खवाला येत्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, त्यांची हत्यारं न्यायला येणार होता. हातोडा, चामड्याची वही, दगड, सगळं. चाचांच्या आजोबांपासूनची ती हत्यारं.

चाचा म्हणाले, “खलील, तेरी बरनी में मेराच वर्ख है ना? फिर पूछ उसकू. पत्ते मिटे तो हातोडा मेरा. नहीं मिटे तो औरंगाबादवाले का.”

तर त्या बाटलीतलं पाणी त्या तांब्यात होतं. आणि मी ते प्यालो होतो.

मास्तरांनी तांब्यातलं पाणी, म्हणजे मी भरलेलं पाणी, बुटकुल्यात ओतलं. माझ्याच डोक्यावर कंगवा घासला. घुसळलं, हवा बरणीत सोडली, घड्याळ काढलं. मी आपला उभा. दोन वर्षं कशालाच लवकर न मिटलेली पानं माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांकडं झुकायला लागली. पाव तासाच्या आत मिटलीसुद्धा.

मास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. तुटलेली गुंडी लावायचा प्रयत्न केला आणि मग अनवाणीच घराकडं पळाले. त्यांचे जोडे मी मागून नेऊन दिले. जोडे द्यायला गेलो तेव्हाही बोलता आलं असतं. पण चाचा रडत होते, मास्तर रडत होते, आणि मला वाटलं, इतक्या शुभ प्रसंगी मधे कशाला बोला.

जुम्याला औरंगाबादचा वर्खवाला रिकाम्या हातानं परत गेला. मास्तरांनी बाजारभर सांगून टाकलं, बाटलीत रेडियम आहे. शनिवारी सकाळी गल्लीत ठोके सुरू झाले.

तुम्हाला सांगतो, तो आवाज मी पंधरा वर्षं ऐकत आलो होतो, पण त्या आठवड्यात त्यातला एकेक ठोका माझ्या टाळूवर पडत होता. चाल मोडलेली. दोन ठोके, मग थांबणं, मग एक. चाचा रोज बाटलीतलं दोन घोट पाणी पिऊन हातोडा उचलत. मनगट आधी सुजलं, मग लाल झालं. कुणी काही म्हटलं की हसून सांगत, “वर्ख ने गवाही दी है. आहिस्ता आहिस्ता होगा.”

आणि इकडं शाळेत मास्तर वेडे व्हायच्या बेताला. त्यांनी त्याच बाटलीतलं पाणी घरून आणून पुन्हा मोजलं. पानं मिटली नाहीत. पुन्हा मोजलं. नाही. वर्ख बदलला, चुना बदलला, गंधकाचं बूच नवं केलं, माझं डोकं तीनदा घेतलं. नाहीच. जेवायचे नाहीत. डबा तसाच परत जायचा.

“दामू भाई, एक डाव आलं अन् गेलं. कुठं गेलं? माझ्यात काही चूक हाय. अब्बा तिकडं हात तोडून घेऊन राह्यले, अन् मला ठाव न्हाई मी काय मोजलं.”

मी म्हणालो, “हवामान असंल.”

माणूस किती खालच्या थराला जातो बघा. हवामान म्हणालो मी.

त्या दिवशी मी ताटातली भाकरी नुसती चिवडत बसलो. हिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट सरकवून घेतलं. मग मी सगळं सांगितलं. तांब्या, चिठ्ठी, विहीर. बाहेर ठोके चालूच होते. एक. थांबून एक.

ही ताट उचलून ठेवून आली. मग म्हणाली, “पाणी प्यालात त्याचं काही न्हाई. तहान कुणालाबी लागते. पण आठ दिस हे ठोके ऐकून तुम्ही जेवत होता?”

मी उठलो. हात धुतले आणि तसाच शाळेत गेलो.

मास्तर बरणीसमोर बसले होते. मी दारातूनच बोलायला लागलो, कारण आत गेलो असतो तर पुन्हा हवामानावर गेलो असतो. बाटलीचं पाणी मी प्यालो, तांब्यात विहिरीचं भरलं, तुम्ही मोजलं ते विहिरीचं होतं. एका दमात सांगून टाकलं आणि मार खायच्या तयारीनं उभा राहिलो.

मास्तर उठून दाराशी आले. मग हळूच म्हणाले, “कोणत्या विहिरीचं?”

“शाळेच्या.”

“कधी काढलेलं?”

“तेव्हाच. तुम्ही यायच्या अगोदर.”

“ताजं?”

“ताजं.”

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत विहिरीवर नेलं. पोहरा सोडला. पाणी वर येताच बुटकुल्यात भरलं आणि तिथंच विहिरीच्या काठावर मांडी घालून घुसळायला लागले. खोलीत आल्यावर माझी टोपी उडवून कंगवा घासला. चार दिवसांचं तेल होतं. त्यांनी माझ्या डोक्याला राख चोळली आणि परत घासला. पानं फाकली. मग मिटायला लागली.

“दामू भाई!” त्यांनी मला मिठी मारली. मी मार खायला आलो होतो हे दोघंही विसरलो. “हम गधे हैं! दोन वर्षं मी शिळं मोजून राह्यलो! चहा उकळला की दम उडून गेला. रांजणातलं पाणी चार दिसांचं, अर्धा दम तिथंच सरला. ताक कालचं. सरबत परवाच्या पाण्याचं. पितात तेव्हा काही उरतच न्हाई! ते हाय विहिरीत, अन् वर आलं की पळतं! तुम्ही प्याला नसता तर मी म्हातारा होईस्तोवर ‘निल’ लिहीत बसलो असतो!”

आयुष्यात माझ्या हातून लागलेला हा एकमेव शोध. तोही तहानेपोटी, आणि लपवाछपवी करताना.

मग वाऱ्यावर गल्लीतला एक ठोका आला. मास्तरांचा चेहरा उतरला. कंगवा खाली ठेवून ते म्हणाले, “चला. तुम्हीबी चला.”

बरणी त्यांनी छातीशी धरली, मी बुटकुलं, रवी आणि कंगवा घेतला. जाताना पुन्हा विहिरीचं पाणी काढून घेतलं. चाचा अंगणात बसले होते. डाव्या हातानं उजवं मनगट धरून, उजव्या हातात हातोडा. मास्तर समजावायला लागले तशी चाचांनी मान हलवली. “बोल मत. दिखा.”

आधी बाटलीचं पाणी मोजलं. आम्ही तिघं आणि दाराशी आलेली आमची ही, असे चौघं बरणीकडं बघत बसलो. पानं फाकलेली तशीच. सावली अंगणात हातभर सरकली तरी पानं तशीच. मग विहिरीचं. पानं एकमेकांकडं झुकली, जवळ आली, मिटली.

चाचा पुढं वाकले होते. आपल्या हातचा वर्ख ते ओळखत होते. एका पानाच्या कडेला जरा जाड राहिलं होतं ते त्यांनी बोटानं दाखवलं. मग विचारलं, “तो कुएँ का पानी पीऊँ?”

मास्तरांना ‘हौ’ म्हणणं किती सोपं होतं ते मी जवळून बघत होतो. म्हातारा समोर बसलेला, हातोडा हातात, आणि एक शब्द बोलला की त्याची आशा आणखी चार महिने टिकली असती.

“अब्बा, ताज्या पाण्यात काहीतरी हाय, एवढंच पत्ते सांगतात. जरासं हाय. बरं करतं का वाईट, ते पत्त्यांना ठाव न्हाई. मलाबी न्हाई.”

चाचांनी हातोडा खाली ठेवला. फेकला नाही, आपटला नाही; चामड्याच्या वहीवर नेहमी ठेवत तसा आडवा ठेवला. मग माझ्याकडं वळले. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो.

“बेटा, बाटलीवाला पानी तू पिया ना? कैसा लगा?”

“सादंच लागलं, चाचा. पाण्यासारखं.”

“मेरेकू भी,” चाचा म्हणाले, “वैसाच लगा था.”

हत्यारं पुढच्या जुम्याला औरंगाबादेला गेली. चामड्याच्या वहीतून सोन्याचा एक वर्ख काढून चाचांनी लेकाला दिला. हात धरायच्या आधी ठोकलेला, शेवटच्या घाण्यातला. बाजारात मास्तर स्वतः दुकानोदुकानी जाऊन सांगत फिरले, की आठ दिवसांपूर्वी मी बोललो ते चूक होतं, बाटलीत काही नाही. लोक हसले. ज्यांनी मुंबईला बाटलीसाठी पत्रं लिहिली होती ते चिडलेही. एवढ्या दुकानांत गेले, पण माझं नाव त्यांनी एकाही ठिकाणी घेतलं नाही. “तांब्या बदलला,” एवढंच म्हणायचे. कुणी विचारलं, कुणी बदलला? तर म्हणायचे, “तजुर्ब्यानं.”

पुढं त्यांची बदली परतूरकडं झाली. अधूनमधून कार्ड यायचं. त्यात तब्येतीची चौकशी नसायची. कोणत्या गावच्या विहिरीला पानं किती वेळात मिटली ते असायचं. एकदा लिहिलं होतं, ‘केदारखेड्याला गेल्तो. तुमच्या वडिलांच्या मळ्यातली विहीर मोजली. तुमच्याहून खरी आहे.’

शेवटच्या कार्डात आता वाटूरच्या विहिरी घेतल्याचं होतं; ते मी हिला वाचून दाखवलं. शेवटचं दिसले तेही वाटूरलाच. आम्ही दोघं हिच्या मावसबहिणीच्या लग्नाला सर्व्हिस मोटारीनं निघालो होतो. मी नवा कोट घालून ड्रायव्हरशेजारी बसलेलो. फाट्याजवळ रस्त्याला लागूनच एक मोट चालू होती, थारोळ्यात पाणी पडत होतं आणि तिथं दहा-बारा माणसं गोल करून उभी. मधे बरणी. शेरवानी घातलेला एक उंच माणूस एका शेतकऱ्याचं मुंडासं काढून त्याचे केस चिमटीत धरून बघत होता. मान हलली. तेल असावं. दुसऱ्याकडं वळला. तिसऱ्याकडं. कंगवा हातात तसाच.

मोटार फाट्यावर संथ झाली होती. ‘थांबव’ एवढं म्हणायचं होतं. पण वऱ्हाडाची वेळ, अंगात नवा कोट, मोटारीत भरलेली माणसं. तोंड उघडायला मला उशीर होतो, हे एव्हाना तुम्हाला ठाऊक झालंच आहे. मोटार वळली. मागच्या धुळीत बरणीवर एकदा ऊन चमकलं.

पुढं संस्थान गेलं, माणसं कुठल्या कुठं पांगली. मास्तर हैदराबादेकडं गेले म्हणतात. कार्ड आलं नाही.

त्या दिवशी फाटा दिसेनासा होईपर्यंत ही मागं वळून बघत होती. लग्नघरी पोचल्यावर हातपाय धुऊन मी आरशासमोर भांग पाडायला लागलो, तर केस कंगव्याबरोबर उभे राहायला लागले, कडकड वाजायला लागले.

“अगं, आज लग्नाला निघताना डोक्याला तेल कसं न्हाई लावलंस?”

ती माझ्या कोटावरची धूळ झटकत होती. झटकता झटकता म्हणाली, “वाटूरवरून जायाचं होतं म्हणून.”